तीन मीटर चौदा

आमच्या शिवणमशीनच्या डब्यात एक गोगलगाय राहते. पोलादी आहे, अंगठ्याच्या पेराएवढी आहे, आणि तोंडाशी तिला पत्र्याची एक वळकटी आहे, जिलबी घालताना पहिला वेढा पडतो तशी. तिला हेमर म्हणतात. मशीनचा रोजचा पाय काढायचा, तिथे हेमर बसवायचा, स्क्रू आवळायचा आणि कापडाची कड त्या वळकटीत सोडायची. कड आत एकदा वळते, आणखी एकदा वळते, आणि सुईखाली पोचते तेव्हा दोन मिलिमीटरची दुहेरी दुमड तयार असते. कापलेली सुतं आत गडप, वरून टीप. इस्त्रीने दुमड बसवायला नको, टाचण्या नकोत, डोळे फोडायला नकोत.

हे सगळं मला ऐकून माहीत होतं. मशीन आईची. 1963 साली तिच्या लग्नात आलेली, काळी, सोनेरी वेलबुट्टीची, पायाने चालणारी. सोबत पत्र्याचा एक डबा आला होता. त्यात चार बॉबिनी, छोटा पेचकस, तेलाची कुपी, एक इंग्रजी चिठ्ठी आणि हा हेमर. बॉबिनी झिजल्या, पेचकस हरवला, कुपी गळायला लागली. हेमर मात्र साठ वर्षांनंतरही नवाकोरा होता. खरं तर मला तिथेच शंका यायला हवी होती. शिवणारणीच्या घरात एखादी वस्तू साठ वर्षं चकचकीत राहते, ती काही तिच्या गुणांमुळे नव्हे.

पण मी बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते, आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात माणसाला आपल्याला सगळं येतं असं वाटतं. नातीचा पाचवा वाढदिवस आला होता. तिने फर्मान काढलं, "आजी, मला असा फ्रॉक पाहिजे की मी गोल फिरले की त्याची छत्री होईल." सूनबाई म्हणाली, "आई, मागवू या ना, दोन दिवसांत घरी येतो." मी म्हणाले, "मी शिवते."

छत्री व्हायची तर पूर्ण गोल घेर हवा. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. बत्तीस वर्षं व्याज काढण्यात गेली, वर्तुळाला मी काय भिते? गोलाच्या मध्यापासून खालच्या कडेपर्यंत त्रिज्या 50 सेंटिमीटर धरली, म्हणजे घेराची कड 3 मीटर 14 सेंटिमीटर. शाळेत पायची किंमत पाठ केली तेव्हा ती कधीतरी मला शिवावी लागेल असं वाटलं नव्हतं.

आता गोल घेराची गंमत बघा. कड आत दुमडायची म्हणजे मोठं वर्तुळ छोट्या वर्तुळावर बसवायचं. शाळेच्या युनिफॉर्मला घालतो तशी दोन सेंटिमीटरची पट्टी दुमडली, तर एका दुमडीतच पंचवीस सेंटिमीटर कापड जास्तीचं होतं. ते जाणार कुठे? चुण्या पडणार आणि छत्रीचा गुंडाळलेला डोसा होणार. दुमड दोन-दोन मिलिमीटरची असेल तर जेमतेम अडीच सेंटिमीटर कापड जिरवावं लागतं, तेही तीन मीटरभर वाटून. म्हणजे घेराला बारीक दुमडच हवी, आणि बारीक दुमड म्हणजे हेमर. गणित चोख होतं. गणितं चोखच असतात.

"पिकोला दे," आई म्हणाली. आई त्र्याऐंशी वर्षांची आहे. खिडकीशी आरामखुर्चीत बसून ती मोजून बोलते. "कोपऱ्यावरचा पाच मिनिटांत करून देतो."

"पिको म्हणजे नुसती नागमोडी टीप गं. मला आतून-बाहेरून स्वच्छ कड हवी आहे."

"बरं," आई म्हणाली. आमच्या घरात या 'बरं'चा अर्थ 'कळेल' असा होतो.

मी बोहरी आळीत गेले. लेस, बटणं, अस्तरं आणि माणसं यांतून वाट काढत मशीनच्या सामानाचं दुकान गाठलं आणि सुया मागितल्या.

"कापड कोणतं?"

"वायल."

"मग अकरा नंबर. सोळा नंबर लावाल तर भोकं पडतील." त्यांनी पाकीट पुढे सरकवलं. "पिको करणार?"

"नाही, हेमर लावणार."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दोन पाकिटं घेऊन जा, ताई."

त्या वाक्यात किती अनुभव साठलेला होता, हे मला नंतर कळलं.

वायल आधी भिजवून घेतली, कारण सुती कापड आटतं. मग आईच्या सांगण्यावरून साबुदाण्याची पातळ खळ केली. पातळ कापड वळकटीत शिरताना मान टाकतं, त्याला ताठ मानेने आत पाठवायचं तर खळ हवी. कापड अर्धवट ओलं असतानाच इस्त्री केली, चौघडी घालून घेर गोल कापला, आणि तिथे पहिला घोटाळा झाला. पाठीमागे कमरेपासून फक्त दहा सेंटिमीटर चीर द्यायची होती. सूनबाईचा ऑफिसातून फोन आला आणि बोलता बोलता कात्री थेट घेरापर्यंत गेली. आता चीर जोडून घेणं आलं, आणि जिथे जोड तिथे जाडी. "असू दे," मी स्वतःला म्हणाले. जोडलेला घेर रात्रभर हँगरला लटकवला, कारण गोल कापलेलं कापड जिथे उरेप येतं तिथे ओघळतं. सकाळी बघते तो चार ठिकाणी कड खालच्या ओठासारखी लोंबलेली. ती छाटून सारखी केली.

हे चार उरेप भाग नीट समजून घेतले पाहिजेत, कारण पुढचं सगळं महाभारत त्यांच्यावर आहे. घेर जमिनीवर पसरा आणि ते घड्याळ समजा. बारा, तीन, सहा आणि नऊ वाजता कड कापडाच्या उभ्या किंवा आडव्या धाग्याबरोबर चालते. तिथे कापड सज्जन असतं. दीड, साडेचार, साडेसात आणि साडेदहा वाजता मात्र कड धाग्यांना तिरकी कापते. तिथे कापड रबरासारखं ताणतं आणि बोट लागलं की आकार सोडतं. माझा जोड बरोबर बारावर होता. तिथूनच निघायचं आणि तिथेच परतायचं.

भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे दहा वाजले होते. घेरात बारा.

पहिली चार बोटं हाताने दुमडून इस्त्री केली. दोन-तीन टाके घेतले, सुई कापडात रुतवून पाय उचलला, टाचणीच्या टोकाने कड वळकटीत सरकवली आणि पाय खाली सोडला. मशीन सुरू. काय सांगू! वळकटीच्या एका बाजूने उघडी कड आत जात होती आणि दुसऱ्या बाजूने पेन्सिलीच्या रेघेसारखी दुमड बाहेर येत होती. मी आईकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"दुमड सुलट बाजूला येतेय," आई म्हणाली.

हेमर कड वरच्या अंगाला वळवतो, म्हणून कापडाची उलटी बाजू वर ठेवावी लागते. ही गोष्ट डब्यातल्या इंग्रजी चिठ्ठीच्या पहिल्याच ओळीत होती. मी दुसऱ्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली होती. उसवलं. दोन मिलिमीटरच्या दुमडीवरची टीप उसवणं म्हणजे मेथी निवडण्यासारखं काम, फक्त शेवटी भाजी मिळत नाही.

पुन्हा बारा. या वेळी उलटी बाजू वर. एक वाजेपर्यंत झकास. दीड वाजता उरेप सुरू झालं आणि कड हळूहळू वळकटीतून बाहेर सरकू लागली. दुमड एकेरी झाली, मग तीही गेली, आणि सुतं टिपेच्या बाहेर डोकावायला लागली, न्हाव्याकडून अर्धवट उठून आलेल्या माणसाच्या केसांसारखी.

"उपाशी ठेवलंस त्याला," आई म्हणाली. "पोटभर कापड दे."

मी दिलं. उसवून, परत मागे येऊन, पोटभर कापड दिलं. आता कड वळकटीत इतकी घुसली की दोनाच्या चार घड्या झाल्या, त्यात सुई अडकली आणि मशीन घुंऽ करून थांबली.

"आता अजीर्ण झालं."

हेमरचं सगळं शास्त्र आईने या दोन शब्दांत सांगितलं. वळकटी कायम भरलेली हवी, पण काठोकाठ. कड उजवीकडून, किंचित उभी धरून, एकसारखी आत गेली पाहिजे. कमी गेली तर उपाशी, जास्त गेली तर अजीर्ण. बत्तीस वर्षं मी कॅश काउंटरवर रोज संध्याकाळी एक रुपयाही कमी-जास्त न होता हिशोब जुळवला, पण इथे मिलिमीटरचा फरकही चालत नव्हता, आणि फरक कुठे पडला हे शोधायला व्हाउचरं नव्हती.

साडेचार वाजता, म्हणजे भिंतीवर पावणेबारा वाजता, मला एक युक्ती सुचली. कापड पुढे सरकायला कुरकुर करतंय ना, मग मागून जरासं ओढून मदत करावी. मी ओढलं. सुई वाकली, हेमरच्या पत्र्यावर आपटली आणि टक्कन मोडली. तिचं टोक उडून आईच्या खुर्चीखाली गेलं.

त्या वेळी मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. आपले संत नामदेव शिंप्यांचे. गुरू ग्रंथसाहिबात त्यांचं एक पद आहे, त्यात ते मनाला गज म्हणतात आणि जिभेला कात्री. या गजाने मोजून आणि या कात्रीने ते यमाची फाशी कापतात. त्या दिवशी माझी जीभही कात्रीच झाली होती, फक्त तिने कापलं ते त्या हेमरच्या सात पिढ्यांचं नाक. बार्थेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने 1830 मध्ये शिवणयंत्राचं पेटंट घेतलं आणि सैन्याचे गणवेश शिवणारा कारखाना काढला, तेव्हा पॅरिसच्या शिंप्यांनी जमाव करून त्याच्या मशीन मोडून टाकल्या. इतिहासात त्यांना प्रगतीचे शत्रू म्हटलं जातं. मला त्या दिवशी ती समंजस माणसं वाटली.

मी सुई बदलली. दुसऱ्या पाकिटाची किंमत आता कळत होती.

सहा वाजता चहा घेतला. चहा पिताना आई आजोबांविषयी बोलत होती. माझे आजोबा कट्टर खादीवाले. घरात रेडिओसुद्धा उशिरा आला. पण मुलीच्या लग्नात मशीन द्यायला त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही, कारण यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीच 1924 मध्ये शिवणयंत्राला अपवाद केलं होतं. त्यांच्या मते सिंगरने आपल्या बायकोला हाताने शिवत कष्टताना पाहिलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी तिचे कष्ट वाचवायला मशीन तयार केली. गोष्ट गोड आहे. पण आयझॅक सिंगरने 1851 मध्ये पेटंट घेतलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे नक्की कोणती बायको होती हे ठरवणं अवघड आहे, कारण त्याला वीसहून जास्त मुलं होती आणि ती काही एका घरातली नव्हती. आणि गांधीजींनी शिवणयंत्राला माफ केलं ते ठीकच, पण त्यांना कुणी हेमर दाखवला नसावा. दाखवला असता तर चरख्याला आणखी बळ मिळालं असतं.

"एक सांगू?" कपबशी खाली ठेवत आई म्हणाली. "तू त्याला मदत करतेस."

"मग? करू नको?"

"नको करूस. कड धरायची आणि वाट दाखवायची. पुढे न्यायला खाली दाते आहेत. ओढायचं काम त्यांचं. तू मागून ओढतेस, पुढून ढकलतेस, मधूनच उचकटून बघतेस. त्याला स्वतःचं काही करूच देत नाहीस."

मी गप्प बसले. हे ती हेमरबद्दल बोलत होती हे मला ठाऊक होतं. पण मुलाच्या दहावीला त्याच्यापेक्षा जास्त अभ्यास मी केला होता, सूनबाईच्या डाळीत तिची पाठ वळली की मी मीठ टाकते, आणि नवरा कार चालवत असताना डावीकडे बसून ब्रेक मीच दाबते. हे सगळं आरामखुर्चीतून दिसतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

साडेसात वाजता मी मदत थांबवली. उजव्या हाताने कड दोन बोटांत उभी धरली, डावा हात कापडाखाली नुसता आधाराला, डोळे सुईवर न ठेवता वळकटीच्या तोंडावर. पायाचा वेग निम्म्यावर आणला. उरेप आलं, कड थरथरली, आणि मुकाट आत वळली. आठ वाजले. नऊ वाजले. मला स्वतःचाच मत्सर वाटावा इतकी सुंदर दुमड येत होती. साडेदहाही पार झाले. टाका दोन मिलिमीटरचा धरला तर पूर्ण घेराला 1570 टाके होतात. त्यातले तेराशे तरी आत गेले असतील, असा मी मनात हिशोब केला. निवृत्त झालं तरी बँक जात नाही.

तेवढ्यात नात बालवाडीतून आली. ती शेजारी उभी राहून बघत होती.

"आजी, खाली दोराच नाहीये."

बॉबिन संपली होती. गेली पाऊण वीत मी नुसती भोकं पाडत होते. पण आता माझा वेग आणि राग, दोन्ही ताब्यात होते. बॉबिन भरली, मागे आले, भोकांवरूनच पुन्हा टीप घातली. अकरा वाजले. आणि समोर जोड दिसायला लागला.

जोडाच्या दोन्ही बाजूंची शिलाई तिथे जाड गाठ होऊन बसली होती. वळकटीचं तोंड पातळ कडेसाठी, त्यात इतके पदर जाणार कसे? आईने सांगितल्याप्रमाणे जोडाचे कोपरे तिरके छाटले, खलबत्त्यातला बत्ता आणून जोड ठोकून चपटा केला. ठोकल्याचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या वहिनी काय झालं म्हणून विचारून गेल्या. पुन्हा प्रयत्न केला. कड वळकटीच्या तोंडाशी आली आणि अडली. पुन्हा केला. पुन्हा अडली. तिसऱ्यांदा माझा हात आपोआप मागच्या बाजूला गेला, ओढायला.

"थांब," आई म्हणाली. "इकडे आण."

तिने घेर मांडीवर घेतला. चष्मा बदलला. सुईत दोरा ओवायला नातीला लावलं, हे एवढंच तिला आता जमत नाही. मग उरलेल्या 26 सेंटिमीटरची कड अंगठा आणि तर्जनीत घेतली, थुंकीच्या बोटाने वळली, आणि हातशिलाईला सुरुवात केली. कुठेही न थांबता, न बघता. बोटं म्हणजेच वळकटी. जोडाच्या गाठीवरून ती इतकी सहज गेली की गाठ तिथे होती हे मलाच खोटं वाटायला लागलं.

आईच्या हातशिलाईचं आमच्या नात्यात नाव आहे. मावश्या, आत्या, माम्या रेशमी साड्यांचे पदर तिच्याकडे पाठवायच्या. लहानपणी मला वाटायचं, हा हात तिला जन्मजात मिळालाय.

"आई," मी विचारलं, "तू हा हेमर कधीच लावला नाहीस?"

"लावला ना. पासष्ट साली. तुझ्या आत्याच्या ओढणीला."

"मग?"

"तीन सुया मोडल्या. ओढणीला बाहेर दाखवू नये अशी दशा झाली. तुझे बाबा म्हणाले, विकत आणू दुसरी." तिने दोरा दातांनी तोडला. "मग हातशिलाई शिकले."

मी तिच्याकडे बघत राहिले. साठ वर्षं ज्या हातशिलाईवर आमचं सारं नातं चालत आलं, तिची सुरुवात या अंगठ्याएवढ्या गोगलगायीने झाली होती.

"आणि ते मदत करू नकोस, हे तुला कसं कळलं?"

"तेव्हा नाही कळलं. आज तू समोर बसून ओढत होतीस, तेव्हा कळलं की मीही असंच ओढत होते."

रविवारी वाढदिवस झाला. नात दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हात पसरले आणि गरगर फिरली. फ्रॉकची छत्री झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सूनबाईने घेर हातात घेऊन कड बारकाईने पाहिली आणि म्हणाली, "आई, हे खरंच मशीनवर केलंत?"

"केलं ना," मी म्हणाले. "शेवटचा तास आजींनी हाताने घातलाय. कुठला ते ओळखून दाखव."

तिला ओळखायला तीन सेकंद लागले. 3 मीटर 14 सेंटिमीटरमध्ये अगदी सरळ असे तेवढेच 26 सेंटिमीटर आहेत.